जिन्यातला बास्केटबॉल

मशीन घरी न्यायचं ठरलं तेव्हा पडदेवाल्यांनी सगळं मोजलं होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नंतर बिल्डिंगमधल्या प्रत्येकानं त्यांना एकच प्रश्न विचारला, "मोजलं नव्हतं का हो?" ज्या माणसाचं पोटच मोजण्यावर चालतं त्याला असं विचारणं म्हणजे न्हाव्याला "कात्री कुठल्या बाजूनं धरतात ते माहीत आहे ना?" विचारण्यासारखं आहे. पण लोकांना काय, जीभ आपलीच असते, फुकट असते.

पडदेवाल्यांचं पडद्यांचं दुकान. पडदे, सोफ्याची कव्हरं, उशांचे अभ्रे. उंची बेताची, आणि धंदा नेमका उंचावरचा. त्यामुळे त्यांचं निम्मं आयुष्य स्टुलावर गेलं. गिऱ्हाइकाच्या घरी गेलं की पहिलं वाक्य, "एक स्टूल मिळेल का?" मग गिऱ्हाईक डुगडुगणारं स्टूल आणून देणार, वर "सांभाळून हं" म्हणणार, आणि स्वतः आत टीव्ही बघायला जाणार. घरीही तेच. गाद्या, चादरी, ब्लँकेटं सगळी माळ्यावर. पाहुणे आले की बायको म्हणणार, "अहो, चढता का जरा?" गेल्या थंडीत ते गादीसकट खाली आले. गादी खाली आणि ते वर, म्हणून निभावलं. पण तेव्हापासून बायकोनं कपाटाचा धोशा लावला होता. पुढच्या खोलीत खिडकीशेजारी जागाही रिकामी करून ठेवली होती. तिथं एक मोठं, पोटभर कपाट हवं. बस्स. त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवल्याशिवाय तिचं जेवण संपत नसे.

आता मशीनचं.

दुकानाच्या शेजारच्या गाळ्यात गेम पार्लर होतं. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून पडदेवाले आत डोकावले. "डोकावले" हा त्यांचाच शब्द. ते तासाभरानं बाहेर आले तेव्हा शर्ट घामानं भिजलेला, आणि दुकानाच्या दारात एक बाई सोफ्याच्या कापडाचा नमुना हातात धरून उभ्या.

कोपऱ्यात एक जुनं उभं मशीन होतं. माणसापेक्षा उंच, काळं, मध्ये टीव्हीसारखा काचेचा पडदा, खाली दोन दांडे आणि बटणं. गेम गल्लीतल्या बास्केटबॉलचा. मैदान वगैरे भानगड नाही. एक गल्ली, वर दोरीवर वाळत घातलेले कपडे, भिंतीवर कुणीतरी फासलेले रंग, दोन टोकांना दोन रिंगा, आणि रिंगांना जाळीऐवजी साखळ्या. चेंडू आत पडला की त्या साखळ्या अशा खळखळतात की कानाला गुदगुल्या होतात. दोघं विरुद्ध दोघं. पंच नाही, शिट्टी नाही. ढकला, पाडा, हिसकावून घ्या, कुणी काही म्हणत नाही. खेळ समजायला वेळच लागत नाही, कारण समजण्यासारखं त्यात काही नाहीच! आणि उडी? बटण दाबून धरलं की खेळाडू उडतो तो तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत जातो, आत स्वयंपाक काय झालाय ते बघतो, आणि मग सावकाश खाली येऊन चेंडू रिंगमध्ये हाणतो. सलग तीनदा टाकला की चेंडू पेटतो. बुटांतून धूर निघतो. मशीनमधला माणूस आनंदानं काहीतरी किंचाळतो. त्याची भाषा कुठली ते आजवर कुणालाच कळलेलं नाही, पण कौतुक आहे एवढं नक्की. मग गर्दी टाळ्या वाजवते.

पडदेवाले नेहमी एकच खेळाडू निवडत. डोक्याला लाल पट्टी बांधलेला बुटका. बाकीचे खेळाडू ताडामाडाएवढे, आणि हा त्यांच्या कमरेशी. पण उडाला की रिंगला दोन्ही हातांनी लटकतो, पाय झुलवतो, आणि वर स्टूल मागत नाही.

तर हे पार्लर बंद होणार होतं. मालकाला तिथं केशकर्तनालय काढायचं होतं. बाकीची मशीनं उचलली गेली, हे एक राहिलं.

"भंगारवाला सोमवारी नेणार," मालक म्हणाला.

बुटका भंगारात! पडदेवाल्यांनी जराही विचार न करता विचारलं, "तुम्हाला पडदे लागतील ना हो दुकानाला?"

मालक हसला. पडदे आणि खुर्च्यांची कव्हरं इकडून, मशीन तिकडून. सौदा चहा थंड व्हायच्या आत झाला.

संध्याकाळी घरी बायकोनं नेहमीप्रमाणे रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. पडदेवाले म्हणाले, "येतंय. शुक्रवारी येतंय."

"काय?"

"तेच. उभं आहे. मोठं आहे."

"कपाट?" बायकोचा चेहरा असा उजळला की पुढचं वाक्य त्यांच्या घशातच राहिलं. ते "हो" म्हणाले नाहीत. हे ते नंतर सगळ्यांना सांगत होते, की मी "हो" म्हटलंच नाही, मी फक्त मान हलवली. पण बायको लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. तिला माणसाच्या शिरा आणि थापा दोन्ही पटकन सापडतात. त्या दिवशी तेवढं ती आनंदात होती, म्हणून सुई चुकली.

मग मोजामोजी. घराचं दार मोजलं, मशीन आत जात होतं. खिडकीशेजारची जागा मोजली, बसत होतं. जिन्याचं वळण मोजलं, आणि तिथं मशीन बोटभर जास्त भरलं. बोटभर! आता कापडवाल्याला बोटभर म्हणजे काय? कापड ओढलं की येतं, दाबलं की जातं. शिवणीत थोडं कापड जास्तीचं सोडतात, त्याला माया म्हणतात, आणि पडदेवाल्यांच्या उभ्या आयुष्यात मायेनं भागलं नाही असं झालं नव्हतं. त्यांनी टेप गुंडाळली आणि स्वतःशीच म्हणाले, "दाबून बसेल."

लाकूड दबत नाही, ही गोष्ट पृथ्वीवर त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होती.

शुक्रवारी दुपारी दोन हमाल मशीन घेऊन आले. पडदेवाल्यांनी त्याला जुन्या पडद्याच्या कापडात गुंडाळलं होतं, नवरीसारखं. स्वतः वर उभं राहून ते हात हलवत होते, "इकडं! थोडं डावीकडं! माझ्या डावीकडं!" पहिला मजला झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या वळणावर मशीन भिंत आणि कठडा यांच्यामध्ये गेलं, "खर्रर्र" असा आवाज झाला आणि थांबलं. दबलं नाही. उलट असं घट्ट बसलं, की जणू बिल्डर त्याच्यासाठीच जागा सोडून गेला होता.

हमालांनी खालून जोर लावला. पडदेवाल्यांनी वरून ओढलं. हातात फक्त कापड आलं.

आता परिस्थिती अशी, की मशीनचा पडदा आणि दांडे वरच्या बाजूला, आणि काळी पाठ खालच्या बाजूला. कठड्याच्या बाजूनं एक फट राहिली होती. पडदेवाल्यांसारखा माणूस श्वास सोडून, पोट आत घेऊन त्यातून जाऊ शकत होता. बाकीच्यांनी विचारही करू नये अशी ती फट होती.

"आमची बोली वर चढवायची होती," हमाल म्हणाला. "चढवलंय की."

"अहो पण घरात..."

"घरात तुम्ही घ्या." आणि ते गेले.

आवाज ऐकून बिल्डिंग गोळा झाली. तळमजल्याच्या आजोबांनी खालूनच विचारलं, "मोजलं नव्हतं का हो?" मग सुचवलं, "तेल सोडा. आमच्या वेळी सगळं तेलानंच निघायचं." दुसऱ्या मजल्यावर मोठ्या बाई राहतात, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या चष्मा लावून आल्या, कोन बघितला आणि म्हणाल्या, "हे तिरकं करून, आडवं करून, मग उभं केलं तर जाईल."

"बाई, पण तिरकं करायला जागाच नाही."

"ते मला माहीत आहे. मी पद्धत सांगितली."

आजोबांनी तेल पाठवलं. पडदेवाल्यांनी ते सोडलं. मशीन तसूभर हललं नाही, फक्त पायऱ्या निसरड्या झाल्या आणि ते स्वतः दोनदा बसले.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचं, पडदेवाल्यांच्या समोरचं दार उघडलं आणि सोसायटीचे सेक्रेटरी बाहेर आले. सेक्रेटरी म्हणजे भारदस्त माणूस. सगळी हयात सरकारी खात्यात नियमांवर बोट ठेवण्यात गेलेली. रविवारी संध्याकाळी त्याच खात्यातली जुनी मंडळी त्यांचा सत्कार करणार होती, "शिस्तप्रिय अधिकारी" म्हणून. त्यांनी मशीनकडे पाहिलं, फटीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

"पडदेवाले," ते म्हणाले, "मी खाली कसा जाणार?"

सेक्रेटरी आत गेले आणि नोटीस लिहून घेऊन आले. सामाईक जिन्यात विनापरवाना अडथळा. रविवारी दुपारपर्यंत दूर न केल्यास सोसायटी तो कापून काढेल. नोटीस नियमाप्रमाणे तळमजल्याच्या फळ्यावर लावायला हवी होती आणि सेक्रेटरींना खाली जाता येत नव्हतं. तेव्हा ती त्यांनी पडदेवाल्यांच्याच हातात दिली. पडदेवाले पोट आत घेऊन खाली गेले, स्वतःविरुद्धची नोटीस फळ्यावर लावली, दोन पावलं मागं येऊन बघितलं, आणि डावा कोपरा किंचित खाली वाटला म्हणून काढून पुन्हा सरळ लावली. वाकडं टांगलेलं त्यांना बघवत नाही.

संध्याकाळी बायको कामावरून आली. पडदेवाले तोवर वर जाऊन बसले होते. खालून तिचा आवाज आला.

"अहो! हे आहे का ते?"

"हो. हेच."

"कपाट?"

खाली तिला फक्त पाठ दिसत होती, काळी फळी, आणि खालच्या अंगाला कुलूप लावलेलं एक छोटं दार.

"याचं दार एवढंसंच?"

"ती... मागची बाजू आहे."

"कपाटाला मागून दार असतं?"

"नवीन पद्धत आहे."

सेक्रेटरी आपल्या दारात उभं राहून हे सगळं ऐकत होते, आणि त्यांच्या समोर दोन दांडे, आठ रंगीत बटणं आणि एक काचेचा पडदा असलेलं कपाट होतं. त्यांनी पडदेवाल्यांकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यापेक्षा नोटीस परवडली.

"मी दिवसभर उभी होते," बायको म्हणाली. "मी काही त्या फटीतून सर्कस करणार नाही. कपाट घरात गेलं की मला बोलवा." आणि ती मोठ्या बाईंकडे राहायला गेली. फटीतून तिनं डबा वर पाठवला. डब्यात सगळं होतं, फक्त चिठ्ठी नव्हती, आणि पडदेवाल्यांना चिठ्ठी नसल्याचं जास्त लागलं.

शनिवारी सकाळी भानगड झाली. सेक्रेटरींच्या डोक्यात शंका आली, की हे यंत्र सोसायटीची वीज तर खात नाही? ते तपासायला त्यांनी मशीनच्या डोक्यावर गुंडाळलेली वायर सोडली आणि स्वतःच्या घरातल्या प्लगात घातली. का घातली, हे त्यांनाही नंतर नीट सांगता आलं नाही. "खात्री करून घेतली," एवढंच म्हणाले.

मशीन जागं झालं. जिनाभर ढोल घुमला. साखळ्या खळखळल्या. आतला माणूस पोटातून किंचाळला आणि दोन-तीनशे माणसांनी एकदम टाळ्या पिटल्या.

दुसऱ्या मजल्याचं दार धाडकन उघडलं.

"अहो! कपाटात कोण आहे?"

पडदेवाल्यांनी तोंड धुता धुता धाव घेतली. साबणाचा फेस कानापर्यंत. पण आता धावून काय उपयोग?

"कपाट ओरडतंय," मोठ्या बाई खालून म्हणाल्या. "मी स्पष्ट ऐकलं."

"ते कपाट नाहीये," पडदेवाले फटीत तोंड घालून हळूच म्हणाले. "गेम आहे. बास्केटबॉलचा."

बायको ओरडली असती तर त्यांनी सहन केलं असतं, त्याची सवय असते. ती फक्त म्हणाली, "मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं, की कपाट येतंय." आणि दार लागलं. या वेळी हळू.

पडदेवाले पायरीवर बसले. तिथं अजून तेल होतं, पण ते उठले नाहीत.

मागून सेक्रेटरींचा आवाज आला, "हा उंच माणूस माझ्या माणसाला ढकलतोय."

"ढकलणारच."

"हे नियमबाह्य आहे. याची तक्रार कुठं करायची?"

"नाही करायची. तुम्हीही ढकला. ते निळं बटण."

सेक्रेटरींनी इकडंतिकडं पाहिलं. मग निळं बटण दाबलं. त्यांच्या खेळाडूनं त्या उंच माणसाला असा हात मारला, की तो गल्लीच्या कोपऱ्यातल्या पिंपात जाऊन पडला. गर्दी खूश. शिट्टी वाजली नाही. मेमो आला नाही. सेक्रेटरींनी श्वास रोखून वाट पाहिली, आणि काहीच झालं नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पडदेवाल्यांनी इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. त्यांना दात आहेत, हेही त्या दिवशी कळलं.

"परत ढकलू?"

"ढकला की."

"यात बढती वगैरे असते का?"

"नाही. पण चेंडू पेटतो."

दुपारपर्यंत सेक्रेटरींनी अंगातला सदरा काढून बनियनवर खेळायला सुरुवात केली होती. पडदेवाले बुटक्याला घेऊन त्यांचे भिडू झाले. दुःखात होते, पण साखळ्या खळखळल्या की माणूस किती वेळ दुःखात राहणार? चेंडू पेटला तेव्हा दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि लगेच सोडली, कारण एक सेक्रेटरी होता आणि दुसऱ्याला नोटीस लागलेली होती.

पण नोटीस ती नोटीस. संध्याकाळी तातडीची सभा होती. ती जिन्यातच घ्यावी लागली. सेक्रेटरी वर खुर्ची टाकून, बाकीचे सभासद खाली पायऱ्यांवर, मध्ये मशीन.

आजोबांनी पहिली हरकत घेतली. "सेक्रेटरी दिसत नाहीत. नुसता आवाज येतोय. आवाजाला हजर धरायचं का?"

सेक्रेटरींनी मशीनवरून एक हात वर काढला.

"हात कुणाचाही असू शकतो," आजोबा म्हणाले.

"आजोबा, अंगठी बघा," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि हात हजर धरला गेला.

ठराव असा, की अडथळा करवतीनं कापून काढावा. मतं मोजली तर निम्मी इकडं, निम्मी तिकडं. आजोबा कापायच्या बाजूनं, कारण तेलाचा अपमान झाला होता. मोठ्या बाई विरुद्ध. त्यांचं म्हणणं, पद्धत बरोबर आहे, फक्त अजून कुणी नीट केली नाही. सेक्रेटरी म्हणाले, "मी सभेचा अध्यक्ष, मी मत देत नाही," पण आवाज बारीक होता. सत्काराला तर जायचं होतं, आणि वर एक सामना अर्धवट पडला होता.

एकच मत राहिलं. पडदेवाल्यांच्या घराचं. पडदेवाल्यांनी घसा साफ केला.

"घर वहिनींच्या नावावर आहे," सेक्रेटरी खालमानेनं म्हणाले. "मत त्यांचं."

सगळे वहिनींकडे वळले. म्हणजे खालचे वळले. वरचे दोघं मशीनला कान लावून बसले.

"कापा," बायको म्हणाली.

त्या रात्री बुटक्याला पडदेवाल्यांनी हातही लावला नाही. सेक्रेटरींनी दार वाजवून विचारलं, "एक डाव?" तर आतून "डोकं दुखतंय" असं आलं.

रविवारी सुतार करवत घेऊन आला. खालच्या बाजूला पाय रोवून उभा राहिला, मशीनच्या पाठीवर पेन्सिलीनं रेघ मारली. बघायला सगळी बिल्डिंग. आजोबा तर खुर्ची घेऊन आले होते.

"एक मिनिट," वरून पडदेवाले म्हणाले. "शेवटचं एकदा खेळू द्या. वाढपी घाईघाईनं जेवून उठतो तेवढाच वेळ घेतो."

सुतारानं बायकोकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

ते आणि सेक्रेटरी खेळले. खालच्यांना काहीच दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. धप् धप् चेंडू, साखळ्या, टाळ्या. आणि मध्येच पडदेवाल्यांचं हसणं. बायकोनं ते हसणं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकासाठी हसतात ते वेगळं.

"अहो," ती फटीपाशी येऊन म्हणाली. "त्यात एवढं आहे तरी काय?"

चेंडू थांबला. पडदेवाले म्हणाले, "तो बुटका आहे ना, तो खूप उंच उडतो."

"मग?"

"त्याला स्टूल लागत नाही."

आजोबा हसायला तोंड उघडणार होते, मोठ्या बाईंनी डोळे मोठे करून ते बंद करायला लावलं. शाळा सुटली तरी डोळे सुटत नाहीत.

बायकोनं पदरानं नाक पुसल्यासारखं केलं. "आणि मी कपाट कशासाठी मागत होते?" ती म्हणाली. "माझ्या हौसेसाठी? तुम्ही गादीसकट पडलात त्या दिवशी ठरवलं, की सगळं माळ्यावरून खाली आणायचं. परत स्टुलावर चढलेलं मला बघायचं नव्हतं. तेवढंच होतं."

आता वरती नाक ओढल्याचा आवाज आला. तो सेक्रेटरींचा होता, पण ते त्यांनी कधी मान्य केलं नाही.

"मला आधी सांगायचंस," पडदेवाले म्हणाले. ते एरवीही तिला "तू"च म्हणत, पण या "तू"मध्ये जरा जास्त कापड होतं.

"तुम्ही सांगितलंत? मान हलवलीत नुसती." मग ती सुताराकडे वळली. "थांबा. कापायच्या आधी ते दार उघडा. यांनी कपाट म्हणून आणलंय ना? मग मला आत बघू दे."

सुतारानं पटाशीनं कुलूप काढलं. बायकोनं आत डोकं घातलं. बराच वेळ नुसती पाठ दिसत होती.

"अहो!" आतून आवाज घुमला. "हे रिकामं आहे!"

"काय?"

"वर एक काच आहे, एवढीशी पाटी आहे, चार वायरी आहेत. बाकी सगळं पोकळ! यात गाद्या मावतील. ब्लँकेटं मावतील. दोन फळ्या ठोकल्या तर चादरीसुद्धा!" ती बाहेर आली तेव्हा केसांत जळमटं होती आणि चेहरा त्या संध्याकाळसारखा उजळलेला होता. "हे कपाटच आहे की! कापू नका."

"असं कसं?" आजोबा उठले. "ठराव झालाय. कपाट असो नाहीतर हत्ती, ठराव रद्द करायला तातडीची सभा चालत नाही, साधी लागते, आणि तिला आठ दिवस आधी नोटीस. सेक्रेटरी, नियम सांगा!"

नियम आजोबांच्या बाजूनं होता, हे सेक्रेटरींना कुणापेक्षाही चांगलं ठाऊक होतं. तो त्यांनीच लिहिला होता. वर खुर्ची करकरली. मशीनच्या वरच्या फटीत हळूहळू सेक्रेटरींचा चेहरा उगवला.

"सुतार," ते म्हणाले, "कठडा लाकडीच आहे ना?"

"हो साहेब."

"तो कापला तर हे फिरेल?"

सुतारानं वाकून बघितलं. "फिरेल की. मग बाहेरच्या अंगानं तिरकं करून, आडवं करून, मग उभं..."

"मी शुक्रवारीच सांगितलं होतं!" मोठ्या बाई म्हणाल्या.

"मग कठडा कापा."

"सोसायटीचा कठडा?" आजोबांचा आवाज फाटला. "ठरावाशिवाय? हे नियमात बसतं?"

"नाही बसत," सेक्रेटरी म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि डोळ्यांत निळं बटण. "इथं कुणाकडं शिट्टी आहे का?"

कुणाकडंच नव्हती.

करवत चालली. कठडा निघाला, मशीन सुटलं, तिरकं झालं, आडवं झालं, उभं झालं आणि नवरीसारखंच पडदेवाल्यांच्या दारातून आत गेलं. दाराचं माप बरोबर होतं, हे पडदेवाल्यांनी तिथल्या तिथं सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं. सेक्रेटरी भिंतीला धरून धरून खाली उतरले आणि सत्काराला गेले. केसांत भुसा तसाच होता. तिथं शिस्तीवर त्यांनी फार छोटं भाषण केलं म्हणतात, आणि हार घालायला कुणीतरी मध्ये घुसलं, तर त्याला यांनी खांद्यानं ढकललं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवी नोटीस होती. सामाईक कठडा विनापरवाना कापल्याबद्दल, सेक्रेटरींना, सही सेक्रेटरींची. नवा कठडा होईपर्यंत तिथं दोरी आणि तिला जाड पडदा बांधलाय. पडद्याला चुण्या सारख्या पडल्यात.

आता मशीन खिडकीशेजारी असतं. सेक्रेटरी रोज संध्याकाळी "तपासणीला" येतात. बायको पहिले आठ दिवस बघत नव्हती, नवव्या दिवशी म्हणाली, "सरका जरा," आणि तिनं सेक्रेटरींना ज्या नेमानं पिंपात घातलं, ते बघून पडदेवाल्यांना तिच्या हाताखाली रक्त द्यायला येणाऱ्यांची काळजी वाटली. पाठीमागचं दार सुताराकडून मोठं करून घेऊन आत दोन फळ्या ठोकल्या आहेत. वरच्या फळीवर चादरी आणि अभ्रे, खालच्या फळीवर ब्लँकेटं, तळाशी गाद्या. माळा रिकामा. स्टूल गॅलरीत, त्यावर कुंडी.

फक्त एक झालंय. फळ्या ठोकताना आतली कुठलीतरी वायर दुखावली. त्यामुळे मागचं दार उघडलं, की मशीन आपोआप जागं होतं. परवा पाहुणे आले, बायको म्हणाली, "अहो, एक चादर काढता का?" पडदेवाले जमिनीवर दोन्ही पाय ठेवून उभे राहिले, हात घातला, चादर काढली. साखळ्या खळखळल्या, आतला माणूस आनंदानं किंचाळला, आणि दोन-तीनशे लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

सुतार म्हणाला, वायर दुरुस्त करणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे, पाठवू का?

पडदेवाले म्हणाले, "बघू. घाई नाही." आणि अभ्रा आणायला पुन्हा उठले.